न लागणारा नकार

नकार मिळाला आणि काहीच वाटलं नाही, असं जयदीप गायधनीच्या बाबतीत पहिल्यांदा घडलं ते सातपूरच्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर. मुलाखत आटोपून तो नुकताच बाहेर आला होता. स्कूटर सुरू करणार तोच फोनवर संदेश आला. आपल्या अर्जाबद्दल आभार, या वेळी आपली निवड करता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यानं ते वाचलं, फोन खिशात टाकला आणि पुढच्या चौकात थांबून पेरू घेतले. पेरू निवडता निवडता त्याच्या लक्षात आलं, की आपण शीळ घालतोय.

वर्षभरापूर्वीचा जयदीप असा नव्हता. अंबडच्या ज्या कारखान्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली, तिथे इंजिनांचे ओतीव भाग तयार होत. त्या भागांचे क्ष-किरण फोटो पाहायचे आणि धातूच्या पोटात कुठे पोकळी किंवा चीर राहिली आहे का ते सांगायचं, हे त्याचं काम. मग ते काम यंत्रं करू लागली. कारखान्यात कोणी वाईट वागलं नाही. निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ झालं, साहेबांचा आवाजही थोडा भरून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जयदीप नेहमीच्या वेळेला आंघोळ करून तयार झाला आणि मग त्याला आठवलं, की जायचं कुठेच नाही.

सुरुवातीला त्यानं नेटानं अर्ज केले. दोन अभ्यासक्रम पूर्ण केले, आरशासमोर उभं राहून मुलाखतीची उत्तरं घोकली. पण येणारा प्रत्येक नकार त्याच्यातलं थोडंसं काहीतरी घेऊन जाई. बहुतेक ठिकाणांहून तर नकारही येत नसे, नुसती शांतता येई, आणि ती जास्त बोचे. हळूहळू दाढी राहू लागली. दुपारची झोप लांबू लागली. बायकोनं, केतकीनं, विचारलं, "आज अर्ज केलास का रे?" की तो "केला" म्हणे. तो केलेला नसे, हे केतकीला कळे. आणि तिला ते कळतं, हे त्याला.

केतकी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. तिथल्याच एका नियतकालिकात तिनं गंगापूर रोडवर नव्यानं सुरू झालेल्या मेंदूसंशोधन केंद्राबद्दल वाचलं. दीर्घकाळ नोकरी शोधणाऱ्यांवर तिथे एक प्रयोग सुरू होता, आणि त्यासाठी माणसं हवी होती. "जाऊन तर येऊ," ती म्हणाली. जयदीपला नाही म्हणायचाही उत्साह नव्हता.

डॉ. आसावरी निरगुडे यांनी टेबलावर मेंदूची प्लास्टिकची प्रतिकृती ठेवली आणि ती मधोमध उघडली.

"आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो," त्या म्हणाल्या. "चहा गोड असेल, बस वेळेवर येईल, नोकरी मिळेल. अंदाजापेक्षा चांगलं घडलं की डोपामिन नावाचं रसायन वाढतं, आपल्याला हुरूप येतो. अंदाजापेक्षा कमी पडलं की इथे, अगदी आत, हा जो मटाराच्या दाण्यापेक्षाही लहान भाग आहे ना, हॅबेन्युला, तो जागा होतो. तो डोपामिनचा नळ बंद करतो. मन खट्टू होणं म्हणतो आपण, ते हेच."

"आणि तो पुन्हा पुन्हा जागा झाला की?" केतकीनं विचारलं.

"की मग तो झोपतच नाही. काही करण्याआधीच सांगू लागतो, नको, उपयोग नाही. माणूस आळशी झालेला नसतो, त्याचा नळ बंद पडलेला असतो." त्यांनी चष्म्याच्या काडीसारखी एक पट्टी पुढे केली. ती एका कानापासून डोक्याच्या मागून दुसऱ्या कानापर्यंत जात होती. "यातून ध्वनिलहरी जातात, सोनोग्राफीत असतात तशाच, फक्त नेमक्या एका ठिपक्यावर केंद्रित केलेल्या. हॅबेन्युला जागा होतोय असं पट्टीला कळलं, की ती त्याला शांत करते. शस्त्रक्रिया नाही, औषध नाही. केव्हाही काढून ठेवता येते."

जयदीपनं आता पहिला प्रश्न विचारला. "तोटा काय?"

डॉक्टरांनी मेंदूची प्रतिकृती मिटली. "तो भाग निसर्गानं उगीच ठेवलेला नाही, हे नक्की. अपेक्षाभंगातून आपण शिकतोही. म्हणून तर हा अजून प्रयोग आहे, उपचार नाही."

पट्टी लावल्यावर पहिले काही दिवस विशेष काही झालं नाही. मग एका सकाळी जयदीपनं दाढी केली. जुनं टेबल खिडकीपाशी ओढलं. यंत्रानं केलेल्या तपासणीवरची पुस्तकं मागवली, रोज ठरावीक वेळ वाचू लागला. मुलाखतीचा सराव करून घेणारा एक कार्यक्रम त्यानं संगणकावर घेतला आणि बंद खोलीतून त्याचा खणखणीत आवाज ऐकू येऊ लागला. नकार येत होतेच, पण ते आता पावसाच्या थेंबांनी काचेवरून ओघळावं तसे ओघळून जात. संध्याकाळी तो भाजी आणी, कणीक मळून ठेवी, मुलीची, सावनीची, थट्टा करी. केतकीनं आपल्या बहिणीला फोनवर सांगितलं, "माझा नवरा परत आला गं."

हे काही महिने त्या घरातले चांगले महिने होते. नंतर जे झालं, त्यामुळे ते खोटे ठरत नाहीत.

पहिली तक्रार आली ती तुषार बोरस्तेकडून. बोरस्ते हा जयदीपचा अंबडचा सहकारी आणि मित्र. आता तो सिन्नरला दुसऱ्या कारखान्यात होता. जयदीपनं त्याच्याकडे शिफारस मागितली. बोरस्ते म्हणाला, "नको रे, मी स्वतः इथे नवा आहे. माझं नाव नको घालूस." जयदीप म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. त्यानंतरही. दर वेळी तितक्याच आनंदानं, जणू पहिल्यांदाच. शेवटी बोरस्तेनं केतकीला गाठलं.

"वहिनी, तो चिडला असता, रुसला असता तर मी समजलो असतो. पण तो हसतो हो. मी तोंडावर नाही म्हणतो आणि तो हसून म्हणतो, उद्या बोलू. मला आता त्याचा फोन उचलायची भीती वाटते."

केतकीनं ते जयदीपला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. बोरस्तेचं म्हणणं त्याला पटलंही. दोन दिवसांनी त्यानं बोरस्तेला पुन्हा फोन केला.

त्याच सिन्नरच्या कारखान्यात त्यानं तिसऱ्यांदा मुलाखत दिली. तिथल्या विभागप्रमुख पल्लवी कुंभार्डे त्याच्यापेक्षा वयानं लहान होत्या. मुलाखत संपल्यावर त्यांनी समोरची स्क्रीन बाजूला केली.

"गायधनी, एक सांगू? तुमची तयारी उत्तम असते. दर वेळी आधीपेक्षा जास्त असते. पण उत्तर तेच असतं. मी पहिल्या वेळी सांगितलं होतं, आम्हाला फोटो तपासणारा माणूस नकोय, ते यंत्र करतं. यंत्र कुठे चुकतंय हे शोधणारा माणूस हवाय. तुम्ही तिन्ही वेळा मला तुम्ही किती बारकाईनं फोटो तपासता हेच सांगितलंत."

"धन्यवाद मॅडम," जयदीप प्रसन्नपणे म्हणाला. "पुढच्या वेळी आणखी तयारी करून येतो."

त्या काही क्षण त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती की वैताग, हे त्याला कळलं नाही. आणि दोन्हींपैकी कशाचाच त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. त्याला शब्द कळत होते. शब्दांना टोक नव्हतं.

डॉ. निरगुडे यांना हे आकड्यांत दिसू लागलं होतं. प्रयोगातली माणसं अर्ज दुपटीनं करत होती, पण अर्जात बदल करत नव्हती. अंदाज चुकला की मेंदू तो अंदाज खाली आणतो, वाट बदलतो. इथे चुकल्याची खबरच पोहोचत नव्हती. माणसं दाराला धडका देत होती, आणि कपाळ दुखत नसल्यामुळे दार बंद आहे हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. डॉक्टरांनी तसं प्रत्येकाला कळवलं. जयदीपनं ते पत्रही प्रसन्नपणे वाचलं.

सावनी तेव्हा पशुवैद्यकीय अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेला बसली होती. लहानपणापासून तिला तेच करायचं होतं. कॉलनीतल्या प्रत्येक लंगड्या कुत्र्याचा तिच्याकडे हिशेब असे. निकाल दुपारी लागला. ती थोडक्यात हुकली. जयदीप पेपर वाचत होता. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, नाही झालं."

"अच्छा," तो म्हणाला. "मग पुढची कधी आहे?"

ती रडू लागली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या परीक्षेचं वेळापत्रक सांगायला सुरुवात केली. कोणते विषय कच्चे राहिले, सकाळी किती वाजता उठायचं, सरावपरीक्षा कुठली चांगली. सगळं बरोबर होतं. सावनी म्हणाली, "बाबा, आत्ता नको." तो म्हणाला, "हो, आत्ता नको, पण बघ," आणि पुढे सांगू लागला. तिनं पाठीवरचा त्याचा हात हळूच बाजूला केला आणि ती खोलीत निघून गेली.

केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे पाहत होती. "जयदीप," ती म्हणाली, "तिनं तुझा हात काढून टाकला."

"हो, पाहिलं मी."

"आणि?"

त्यानं खरोखर विचार केला. आणि काय, ते त्याला सापडलं नाही. "तासाभरानं पुन्हा बोलतो तिच्याशी," तो म्हणाला, आणि मुलाखतीच्या सरावाला बसला.

याच सुमारास त्याला नोकरी मिळाली. म्हणजे, देऊ केली गेली. पुण्याची एक संस्था जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी रहिवाशांची संमती मिळवून देई. न मानणाऱ्या माणसांच्या घरी पुन्हा पुन्हा जायचं आणि त्यांना मनवायचं, हे काम. संस्थेचा अमेय राजहंस नावाचा तरुण स्वतः घरी आला. त्याच्याही कानांमागे पट्टी होती, तोही त्याच प्रयोगातला.

"सर, या कामात माणसं टिकत नाहीत," तो हसतमुखानं म्हणाला. "लोक दार आपटतात, अंगावर ओरडतात, म्हाताऱ्या बायका रडतात. दोन-तीन महिन्यांत माणूस ढेपाळतो. पट्टीवाल्यांचं तसं नाही. आमची एकच अट आहे, कामाच्या वेळात पट्टी काढायची नाही. पगार तुमच्या जुन्या पगारापेक्षा बराच जास्त."

अमेय गेल्यावर केतकीनं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "तुला नोकरी मिळावी म्हणून मीच तुला तिथे घेऊन गेले. तेव्हा नको असं मी म्हणणार नाही. फक्त एक कर. होकार देण्याआधी थोडे दिवस पट्टी काढून ठेव आणि मग ठरव. पट्टीला ठरवू देऊ नकोस, तू ठरव."

मागणी रास्त होती. जयदीपनं पट्टी काढून कपाटात ठेवली.

पहिल्या दिवशी काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा अर्जाचा ठरावीक नकार आला आणि त्याच्या छातीत बारीकशी कळ आली, एवढुशी, की त्याला आधी ती ओळखूच आली नाही. संध्याकाळी तो सावनीच्या खोलीच्या दाराशी गेला. ती पुस्तक घेऊन बसली होती.

"सावनी, त्या दिवशी निकालाच्या वेळी मी..."

"राहू दे बाबा."

ती रागानं बोलली नव्हती. दमल्यासारखी बोलली होती, पाहुण्याशी बोलावं तशी. जयदीप तिथेच थबकला. पट्टी असती तर तो आत गेला असता, खुर्ची ओढून बसला असता आणि बोलत राहिला असता. आता त्याचे पाय मागे वळले. सावनीनं मान वर करून पाहिलं. आपण एकदाच नाही म्हटल्यावर बाबा थांबले, हे कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच घडत होतं.

त्यानंतर झालं-गेलं एकेक करून आठवू लागलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, की दाबून ठेवलेलं असं काही साठत नसतं, जुनी दुःखं एकदम अंगावर येणार नाहीत. ते खरंही होतं. पण आठवणी शाबूत होत्या, आणि आता त्या पाहताना टोक लागत होतं. बोरस्तेचा अवघडलेला आवाज. कुंभार्डे मॅडमची नजर. ती कीव होती, हे त्याला आता कळलं. पाठीवरून बाजूला केला गेलेला हात. एका दुपारी तो न्हाणीघरात नळ सोडून नुसता उभा राहिला. केतकी बाहेरून म्हणाली, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "नाही." खूप महिन्यांनी त्यानं तिला खरं उत्तर दिलं होतं.

त्यानं अमेय राजहंसला फोन केला आणि नोकरी नको म्हणून सांगितलं.

"काही हरकत नाही सर!" पलीकडून उमदा आवाज आला. "उद्या पुन्हा बोलू."

"उद्या नको. माझं ठरलंय."

"नक्कीच सर. मग परवा करतो."

त्यानं परवा केला. तेरवाही केला. त्या आवाजात राग नव्हता, अजीजी नव्हती, काहीच नव्हतं. जयदीप फोन कानाशी धरून ऐकत राही आणि त्याला वाटे, बोरस्तेनं हेच ऐकलं असणार. त्यानं बोरस्तेला एक ओळ लिहून पाठवली, की तुला फार छळलं, माफ कर. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा लिहिलं नाही.

मग तो सिन्नरच्या जागेसाठी पुन्हा तयारीला बसला. हे सोपं नव्हतं. पट्टी असताना पुस्तक उघडलं की हात आपोआप चाले. आता पान उघडलं की कुंभार्डे मॅडमचं वाक्य समोर येई, कान तापत आणि पुस्तक मिटावंसं वाटे. काही दिवस त्यानं ते मिटलंही. केतकी संध्याकाळी घरी आली की विचारी, "आज?" आणि तो म्हणे, "आज नाही जमलं." पुढे ती विचारत नसे, चहा ठेवी. पण ते वाक्य त्याला सोडत नव्हतं. ते बोचत होतं, म्हणूनच तो त्याच्याभोवती फिरत होता. आणि असंच एकदा फिरता फिरता त्याला प्रश्न पडला: यंत्र चुकतं म्हणजे नेमकं कधी चुकतं? आतापर्यंत त्यानं हजारो पानं वाचली होती, पण हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. त्यानं सगळी जुनी उत्तरं बाजूला सारली आणि कोऱ्या कागदावर सुरुवात केली.

चौथ्या वेळी बोलावणं येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आलं, तेव्हा त्यानं ते दोनदा वाचलं.

कुंभार्डे मॅडमनी स्क्रीनवर एका ओतीव भागाचा फोटो दाखवला. "यंत्रानं हा पास केला. तुमचं मत?"

जयदीपनं बराच वेळ पाहिलं. "मला यात दोष दिसत नाही," तो म्हणाला. "पण माझी खात्रीही नाही. हा कोपरा जाड आहे. असे जाड कोपरे यंत्राला शिकवताना किती दाखवले होते, ते मला माहीत नाही. ते कळल्याशिवाय मी यंत्रावर विश्वास ठेवणार नाही, आणि माझ्या डोळ्यांवरही नाही."

मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. "या आधी तुम्ही कधीच 'माहीत नाही' म्हणाला नव्हतात," त्या म्हणाल्या. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. कळवू, म्हणाल्या.

वाट पाहणं वाईट होतं. जयदीपला जेवण जाईना. फोन वाजला की तो हातातलं टाकून धावे. बहुतेकदा तो अमेय राजहंसचाच असे. कपाटातली पट्टी त्याला आठवे. एकदा त्यानं ती बाहेर काढून हातात धरलीही. नुसती कानांमागे अडकवायची, की ही धास्ती विरून जाणार होती. सावनी पाणी प्यायला बाहेर आली होती. तिनं त्याच्या हातातली पट्टी पाहिली आणि ती शेजारी बसली.

"मलाही पुढच्या वेळी होईल की नाही, भीती वाटते," ती म्हणाली.

"वाटणारच," तो म्हणाला. वेळापत्रक सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं. त्यानं ते गिळलं. दोघं तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी जाऊन तो पट्टी केंद्रात परत देऊन आला. डॉ. निरगुडे म्हणाल्या, की बहुतेकांनी ती ठेवून घेतली आहे आणि एका कंपनीला ती बाजारात आणायची आहे. "तुम्ही का परत करताय, हे नोंदवू?" त्यांनी विचारलं. जयदीप म्हणाला, "घरच्यांना ऐकू येत नव्हतो, असं लिहा." मग थोडं थांबून म्हणाला, "उलट सांगितलं मी. मला ते ऐकू येत नव्हते. पण लिहा काहीही."

सिन्नरहून फोन आला तेव्हा तो मेथी निवडत बसला होता. ज्या जागेसाठी मुलाखत होती ती त्याला मिळाली नाही. ती एका तरुण मुलीला मिळाली. पण यंत्राच्या चुका गोळा करण्यासाठी थोड्या काळाचं एक कंत्राट होतं, पगार कमी, कायम होण्याची हमी नाही. हवं असेल तर सोमवारी या. तो हो म्हणाला, फोन ठेवला आणि पुन्हा मेथी निवडू लागला. मोठी जागा हुकल्याची कळ बराच वेळ गेली नाही. तिच्या शेजारीच दुसरंही काहीतरी होतं, तेही गेलं नाही.

किल्लीनं दार उघडून केतकी आत आली. त्यानं वर पाहिलं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि चपला न काढताच त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"मोठी जागा नाही दिली," ती म्हणाली.

"नाही."

"पण काहीतरी दिलंय."

"तुला फोन केला होता का त्यांनी?"

"मला कशाला करतील?" केतकी त्याच्यासमोर खाली बसली आणि मेथीची एक जुडी स्वतःकडे ओढली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "दिसतंय तुझ्या तोंडावर. सावनीला सांग जा. दोन्ही सांग."

जयदीपनं हात झटकले, उठला, आणि सावनीच्या बंद दारावर टकटक करून ती "या" म्हणेपर्यंत बाहेर थांबला.